नर्सिंगमधील करिअर : महाविद्यालयाआधी रुग्णालय पाहा

छत्रपती संभाजीनगर : बारावीचा निकाल लागतो, 'नीट'चे गुण हाती पडतात आणि वैद्यकीय प्रवेशाची आशा मावळली की शहरातील व मराठवाड्यातील असंख्य घरांत नर्सिंगचा विषय निघतो. डॉक्टर होता आले नाही म्हणून परिचर्येकडे वळण्यात कमीपणा काहीच नाही. अशी सुरुवात करून पुढे नावारूपाला आलेल्या परिचारिका प्रत्येक मोठ्या रुग्णालयात सापडतील. अडचण निर्माण होते ती पुढच्या पायरीवर. संस्था निवडताना शुल्क किती, वसतिगृह आहे काय, इमारत कशी आहे, घरापासून अंतर किती, एवढीच चौकशी केली जाते. ज्या खाटांशेजारी उभे राहून विद्यार्थिनीला तीन-चार वर्षे शिकावयाचे आहे, त्या खाटा किती आणि त्यांवर खरोखर रुग्ण असतात काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. परिचर्येच्या शिक्षणात वास्तविक हाच प्रश्न पहिला असावयास हवा, कारण पुढील नोकरी, वेतन आणि परदेशातील संधी या साऱ्यांचे मूळ त्याच्या उत्तरात असते.

कामाचे खरे स्वरूप

वॉर्डातील रुग्णाला डॉक्टर दिवसातून एक-दोनदा भेटतात. उरलेला सारा वेळ तो परिचारिकेच्या नजरेखाली असतो. शासकीय रुग्णालयांत सर्वसाधारणपणे सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा तीन पाळ्या असतात. पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला खाटेगणिक माहिती द्यावयाची, काय दिले, काय राहिले, कोणाकडे लक्ष ठेवावयाचे हे सांगावयाचे, असा दंडक आहे. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी प्रत्येक वेळी पडताळाव्या लागतात. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नाडी हळूहळू वाढते आहे आणि रक्तदाब उतरतो आहे, याचा अर्थ आत कोठे तरी रक्तस्राव होत असू शकतो. ही चाहूल प्रथम लागते ती दर तासाला तक्ता भरणाऱ्या परिचारिकेला. तिने तो तक्ता डोळे उघडे ठेवून भरला की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

रक्त पाहून घेरी येते म्हणून अनेक मुली या क्षेत्राचा विचार सोडून देतात. ही भीती पहिल्या काही महिन्यांत बहुधा नाहीशी होते. गणिताची भीती मात्र घालविलीच पाहिजे. पाचशे मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण बेचाळीस थेंब ठेवावे लागतील. हा हिशेब रात्री तीन वाजताही चुकता कामा नये. गणित नको म्हणून जीवशास्त्र घेतलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. त्याखेरीज लागते ती दीर्घकाळ उभे राहण्याची ताकद, नीटनेटके लिहिण्याची सवय आणि संतापलेल्या नातेवाइकांशी शांतपणे बोलण्याची तयारी. शेवटची गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही.

हे क्षेत्र केवळ मुलींचे आहे, हा समजही आता जुना झाला. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग या दोन्ही अभ्यासक्रमांना मुलांना प्रवेश मिळतो. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणून ओळखले जाते. अतिदक्षता विभाग, अपघात विभाग, मनोरुग्ण विभाग येथे त्यांना चांगली मागणी असते. मात्र काही भरत्यांमध्ये मर्यादा आहे. उदाहरणार्थ, 'एम्स'च्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २०१९ मधील निर्णयानुसार ८० टक्के पदे महिलांना आणि २० टक्के पुरुषांना दिली जातात.

जुनी अढी

परिचारिकेच्या व्यवसायाकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलण्यास महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे लागली आणि ती पूर्णपणे बदलली, असे अजूनही म्हणवत नाही. भारतीय परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली मुंबईत प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली भारतीय परिचारिका म्हणून नोंदले गेले आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले आणि पुढे काही वर्षांतच ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी स्त्रियांना धाडण्यास प्रारंभ केला. परक्या पुरुषांची शुश्रूषा, रात्रीची नोकरी, सोवळेओवळे अशा अनेक हरकतींना त्या काळी तोंड द्यावे लागले. आज सोवळ्याची हरकत उरलेली नाही, पण विवाह ठरविताना 'रात्रपाळी असते काय?' हा प्रश्न अजून विचारला जातो. मुलीला या क्षेत्रात घालणाऱ्या पालकांनी रात्रपाळी ही सवलत मागून टाळता येणारी बाब नाही, हे आधीच स्वीकारलेले बरे.

तीन दरवाजे

परिचर्या शिक्षणात प्रवेश करण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत आणि त्यांतील फरक न समजल्यामुळे होणारे नुकसान मोठे असते.

पहिला मार्ग एएनएम म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रमाचा. तो दोन वर्षांचा असून केवळ मुलींसाठी आहे. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला तेथे प्रवेश घेता येतो. ग्रामीण भागात 'नर्सबाई' म्हणून परिचित असलेली आरोग्यसेविका याच शिक्षणातून तयार होते. उपकेंद्रातील लसीकरण, गर्भवतींची नोंदणी व तपासणी ही तिची कामे होत. जिल्हा परिषदांच्या भरतीत या पदांना स्थान असते.

दुसरा मार्ग जीएनएमचा. हा पदविका अभ्यासक्रम आता तीन वर्षांचा आहे. पूर्वी तो साडेतीन वर्षांचा होता. बारावीला इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण ही अट असून कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो खुला आहे. विज्ञान घेतले नाही म्हणून परिचर्येचे दार बंद झाले, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने हे मुद्दाम सांगणे आवश्यक वाटते. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळामार्फत होतात.

तिसरा मार्ग चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगचा. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के गुण आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण, या अटी आहेत. राज्यातील प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. त्या परीक्षेत वरील चार विषयांबरोबर परिचर्येचा कल तपासणारे प्रश्नही विचारले जातात. २०२१-२२ पासून या पदवीसाठी सत्र पद्धत लागू झाली असून आठ सत्रांत अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी ही महाविद्यालये संलग्न असतात.

बी.एस्सी. आणि जीएनएम यांपैकी काय निवडावे, हा नेहमीचा प्रश्न आहे. ज्याला विज्ञान विषय झालेले आहेत आणि चार वर्षे थांबणे घरच्या परिस्थितीला परवडणारे आहे, त्याने पदवीच घ्यावी. अध्यापन, पदव्युत्तर शिक्षण आणि केंद्रीय भरती या ठिकाणी पदवीधराचा मार्ग सरळ असतो. ज्या घराला लवकर मिळकत हवी आहे, तेथील मुलीने जीएनएम करण्यात काही गैर नाही. नोकरीला लागल्यानंतर दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करून तिला पदवी मिळविता येते आणि वॉर्डाचा अनुभव घेऊन वर्गात बसलेली विद्यार्थिनी पुष्कळदा इतरांपेक्षा अधिक शिकते.

शहरातील शिक्षणाची बाजू

परिचर्येच्या दृष्टीने छत्रपती संभाजीनगरचे भांडवल म्हणजे येथे येणारे रुग्ण. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली, मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्यात असताना सुरू झाले. त्याचे रुग्णालय साऱ्या मराठवाड्यात 'घाटी' या एका शब्दाने ओळखले जाते. अकराशेहून अधिक खाटांच्या या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोली येथूनच नव्हे तर बुलडाणा, अहिल्यानगर आणि जळगाव जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. सर्पदंश, विषबाधा, भाजलेले, अपघातग्रस्त, अडलेली बाळंतीण, कमी वजनाचे अर्भक असे सारे काही येथे एका आठवड्यात पाहावयास मिळते. या परिसरातील शासकीय परिचर्या महाविद्यालयात प्रवेश मिळविण्यासाठी चुरस असते ती केवळ अल्प शुल्कामुळे नव्हे. घाटीच्या वॉर्डात हात तयार झालेली मुलगी कोठेही गोंधळत नाही, असा लौकिक आहे.

चिकलठाणा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाला नागरिक 'मिनी घाटी' म्हणतात. २०२० च्या कोरोना साथीत याच रुग्णालयाचे नाव घरोघरी पोहोचले. शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून कार्यरत असून त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. खासगी व विश्वस्त संस्थांच्या क्षेत्रात एमजीएम, गारखेडा भागातील डॉ. हेडगेवार रुग्णालय, कमलनयन बजाज रुग्णालय, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील धूत रुग्णालय ही मोठी नावे आहेत. त्यांपैकी एमजीएम आणि कमलनयन बजाज या रुग्णालयांशी निगडित नर्सिंग महाविद्यालयेही आहेत.

याखेरीज शहरात आणि तालुक्यांच्या ठिकाणी लहानमोठ्या अनेक नर्सिंग संस्था निघाल्या आहेत. त्यांतील काही चांगल्या आहेत. काहींच्या जाहिराती मात्र इमारतीच्या छायाचित्रापलीकडे जात नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार पदवी महाविद्यालयाचे स्वतःचे, किमान शंभर खाटांचे पालक रुग्णालय असावयास हवे आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण राखले गेले पाहिजे. कागदावर हा निकष बहुतेक सर्वत्र पूर्ण झालेला दिसतो. म्हणून कागदाखेरीज आणखी काही पाहावे लागते.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी पालकांनी एखाद्या साध्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, संस्थेच्या पालक रुग्णालयात जाऊन यावे. वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत, गणवेशातील विद्यार्थिनी रुग्णाजवळ आहेत की नोंदणी कक्षात कागद भरीत आहेत, त्यांच्यासोबत शिक्षिका आहे काय, एवढे पाहण्यास अर्धा तास पुरतो. नंतर दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावे की आतापर्यंत स्वतः किती इंजेक्शने दिली, किती प्रसूतींच्या वेळी हजर होतात, बालरोग व मनोरुग्ण विभागाचा अनुभव कोठे दिला जातो. विद्यार्थिनीने देखरेखीखाली ठरावीक संख्येने प्रसूती कराव्यात, असा नियम आहे आणि त्याची नोंद वहीत करावी लागते. ज्या रुग्णालयात महिन्याला मोजक्याच बाळंतिणी येतात, तेथे पन्नास मुलींचा हा अनुभव पूर्ण कसा व्हावयाचा? वही भरते, हात तयार होत नाही. मुलाखतीच्या दिवशी अथवा पहिल्या रात्रपाळीत हे उघडे पडते, तेव्हा संस्थेला त्याचे काही वाटत नाही. वाटते ते त्या मुलीला.

मान्यतेची पडताळणी

महाराष्ट्रातील नर्सिंग संस्थेला राज्य शासनाची परवानगी, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि पदवीसाठी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची अथवा पदविकेसाठी शिक्षण मंडळाची संलग्नता आवश्यक असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतही संस्थेचे नाव असल्याची खात्री करून घ्यावी. या परिषदेची स्थापना १९४७ च्या कायद्याने झाली. त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला आहे. मान्यता संबंधित शैक्षणिक वर्षासाठी आहे आणि किती जागांसाठी आहे, हे दोन्ही तपासावे. साठ जागांच्या मान्यतेवर अधिक प्रवेश दिले गेल्यास शेवटच्या मुलींच्या नोंदणीचा प्रश्न निर्माण होऊ शकतो.

परराज्यातील संस्थांबाबत तर दुप्पट सावध राहिले पाहिजे. मराठवाड्यातून शेजारच्या कर्नाटकात नर्सिंगसाठी जाण्याची वाट जुनी आहे आणि तेथे मध्यस्थांचा सुळसुळाट असतो. कर्नाटकात भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेच्या अधिकारावरून २०१७ च्या सुमारास वाद न्यायालयात गेला. परिषदेच्या यादीतून तेथील संस्थांची नावे गेल्याने परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांची मोठी तारांबळ उडाली होती. 'वर्गात न बसता पदविका' देऊ करणाऱ्या कोणत्याही मध्यस्थाकडे ढुंकूनही पाहू नये.

शुल्काचा भार

विनाअनुदानित संस्थांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण निश्चित करते. प्राधिकरणाने ठरविलेला आकडा पाहूनच रक्कम भरावी आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. गणवेश, वसतिगृह, प्रवास अशा नावांखाली घेतले जाणारे पैसे वेगळे लिहून घेणे हिताचे ठरते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना 'महाडीबीटी' संकेतस्थळामार्फत शिष्यवृत्ती मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. या सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू असतात. संस्था स्तरावरील जागा घेणाऱ्यांनी आधी विचारणा करावी, अन्यथा चार वर्षांचा खर्च अंगावर पडतो.

नोंदणीशिवाय नोकरी नाही

शिक्षण पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी झाल्याखेरीज परिचारिका म्हणून काम करणे बेकायदेशीर आहे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी सतत शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. देशपातळीवरही परिचारिकांची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे आणि तीत प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक दिला जातो. अनेकींना नूतनीकरणाची आठवण होते ती परदेशी अर्ज भरताना. तोपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

शासकीय सेवेची शिडी

शासकीय सेवेत प्रवेश होतो तो अधिपरिचारिका या पदावर. त्यापुढे परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी पदोन्नतीची पायरी आहे. रुग्णालयात रूढ असलेले शब्द निराळे आहेत. परिसेविकेला 'इनचार्ज सिस्टर' आणि अधिसेविकेला 'मेट्रन' म्हणतात. अध्यापनाकडे जाणाऱ्यांना पाठ्यनिर्देशक पदापासून प्राचार्यपदापर्यंत जाता येते. वैद्यकीय महाविद्यालयांची भरती वैद्यकीय शिक्षण खात्याची, जिल्हा रुग्णालयांची सार्वजनिक आरोग्य विभागाची, आरोग्यसेविकांची जिल्हा परिषदेची आणि महापालिकेची स्वतंत्र, अशी विभागणी असल्याने चारही जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते. २०२३ मधील वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या भरतीत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये होती व त्यावर भत्ते निराळे. केंद्राच्या रुग्णालयांत याच दर्जाच्या पदाला ४४,९०० रुपये मूळ वेतन मिळते. 'एम्स'साठी २०२० पासून 'नॉरसेट' ही सामाईक परीक्षा घेतली जाते. जीएनएम उमेदवाराला तेथे किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो.

तथापि शासकीय भरती नियमित होत नाही, हे वास्तव लपवून उपयोग नाही. जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि दरम्यान कंत्राटी नेमणुका होतात. कंत्राटी भरतीच्या विरोधात जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी संप पुकारला होता. केवळ सरकारी नोकरीच्या आशेवर खासगी अनुभव न घेता तीन-चार वर्षे घरी बसणाऱ्या मुलींचे मोठे नुकसान होते. हात एकदा बसले की ते पुन्हा चालू होण्यास वेळ लागतो.

लष्करी परिचर्या सेवेचा मार्ग फारसा कोणी विचारात घेत नाही. मुलींसाठी असलेल्या चार वर्षांच्या या अभ्यासक्रमाचे शिक्षण देणाऱ्या सहा महाविद्यालयांपैकी दोन, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे 'अश्विनी' नौदल रुग्णालय, महाराष्ट्रातच आहेत. निवडीसाठी 'नीट'चे गुण विचारात घेतले जातात. शिक्षणानंतर लेफ्टनंट पदावर नेमणूक होते. 'नीट'मध्ये एमबीबीएससाठी कमी पडलेले गुण येथे कामी येऊ शकतात.

खासगी रुग्णालयांतील वेतनाचा प्रश्न

शहरातील बहुसंख्य नव्या परिचारिकांची सुरुवात खासगी रुग्णालयातच होते आणि तेथील वेतन हा या व्यवसायाचा दुखरा भाग आहे. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने राज्य शासनाइतके वेतन द्यावे, शंभर ते दोनशे खाटांसाठी ते फार तर दहा टक्क्यांनी, पन्नास ते शंभर खाटांसाठी पंचवीस टक्क्यांनी कमी असावे आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी असू नये, अशा या समितीच्या शिफारशी होत्या. शिफारशी होऊन दशक लोटत आले तरी अनेक ठिकाणी नवख्या परिचारिकेला त्या आकड्याखालीच बोलावले जाते. वेतनाची बोलणी करताना हे आकडे ठाऊक असणे उपयोगी पडते, एवढे तरी त्यांचे मोल आहे.

पहिल्या नोकरीत पाच-दहा हजारांच्या फरकापेक्षा विभाग कोणता मिळतो, याला अधिक महत्त्व द्यावे. अतिदक्षता, नवजात शिशू, डायलिसिस अथवा शस्त्रक्रियागृहात दोन वर्षे सलग काढलेल्या परिचारिकेला दुसऱ्या नोकरीत आपली किंमत सांगता येते. एका परिचारिकेकडे किती रुग्ण दिले जातात, हेही विचारावे. परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयांत तिघांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयांत पाचांमागे एक आणि अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेमागे एक असा आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण क्वचितच पाळले जाते. तरीही पाचांऐवजी दहा रुग्ण देणारे रुग्णालय आणि पंचवीस देणारे रुग्णालय यांत फरक आहे.

नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाकडे ठेवून घेणे आणि ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार करून घेणे, हे प्रकार अद्यापि आढळतात. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, प्रती द्याव्यात, मूळ कागद कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. अनुभव प्रमाणपत्रावर विभागाचे नाव, खाटांची संख्या आणि नेमक्या तारखा असाव्यात. नुसते 'समाधानकारक काम केले' एवढे लिहिलेला कागद पुढील भरतीत निरुपयोगी ठरतो.

पुढील शिक्षण आणि नव्या जागा

बी.एस्सी. नंतर एका वर्षाच्या अनुभवावर एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो. तो दोन वर्षांचा असून वैद्यक-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालरोग, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य परिचर्या या शाखा त्यात आहेत. अतिदक्षता परिचर्येत 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रमही आहे. कर्करोग, नवजात शिशू, अतिदक्षता यांसाठी एक वर्षाच्या विशेष पदविका आहेत. कर्करोग रुग्णालय असलेल्या या शहरात केमोथेरपीचे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला काम मिळण्याची चिंता करावी लागू नये.

ग्रामीण भागात जाण्याची तयारी असणाऱ्या पदवीधरांसाठी उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद उपलब्ध आहे. मधुमेह व रक्तदाबाची तपासणी, औषधवाटप, दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन उपचार अशी कामे तेथे स्वतंत्रपणे करावी लागतात. पद कंत्राटी असले तरी निर्णय घेण्याची जी मोकळीक येथे मिळते, ती शहरातील वॉर्डात वर्षानुवर्षे मिळत नाही.

परदेशाची वाट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका असून आणखी सुमारे ५८ लाखांचा तुटवडा आहे. आखाती देश, ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी येथे भारतीय परिचारिकांना मागणी आहे. आजवर ही वाट केरळच्या मुलींनी चोखाळली. मराठी मुली मागे राहण्याचे कारण कौशल्यात नसून भाषेच्या तयारीत आणि घरच्यांच्या धास्तीत आहे. ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील चाचणी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेसाठी 'एनक्लेक्स' उत्तीर्ण व्हावे लागते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळविण्यासाठी जर्मन भाषेची साधारणपणे बी-२ पातळी गाठावी लागते. तिला वर्षभराचा नेटाचा अभ्यास लागतो. तो शेवटच्या वर्षाला असतानाच सुरू करावा. लाखो रुपये आगाऊ मागणाऱ्या मध्यस्थाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पडताळल्यावाचून एक पैसाही देऊ नये.

सुरक्षितता

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी, पाळी संपवून तळघरात कपडे बदलण्यासाठी गेल्या असताना, तेथीलच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत जवळपास ४२ वर्षे त्या अंथरुणाला खिळून होत्या. या सर्व काळात केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची अशी निगा राखली की त्यांना शय्याव्रण झाले नाहीत. या व्यवसायातील कौशल्याचा याहून मोठा दाखला देता येणार नाही, आणि त्यातील धोक्याचाही. म्हणून नोकरी स्वीकारताना कपडे बदलण्याची सुरक्षित खोली आहे काय, रात्री दोन वॉर्डांमधील वाटेवर दिवे व पहारा आहे काय, पाळी संपल्यावर घरी जाण्याची व्यवस्था काय, हे प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हल्ल्यांसाठी राज्यात २०१० पासून स्वतंत्र कायदा असून त्याचे संरक्षण परिचारिकांना व परिचर्येच्या विद्यार्थ्यांनाही आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नातेवाइकांच्या दांडगाईइतकीच दुर्लक्षित बाब म्हणजे सुई टोचून होणारा संसर्ग. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा पहिल्या वर्षी शिकविला जाणारा नियम घाईच्या पाळीत सर्वांत आधी मोडला जातो. सुई टोचल्यास जागा साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीच्या शक्यतेवरील प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हेपॅटायटीस-बी लसीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिने अशा अंतराने घ्यावयाच्या असल्याने त्या पूर्ण होण्यास अर्धे वर्ष जाते. वॉर्डातील काम सुरू होण्याची वाट न पाहता प्रवेश निश्चित होताच पहिली मात्रा घ्यावी.